नाही जमलं ना, लिहून ठेव

सिहोऱ्याच्या बस थांब्यावर उतरून गभने सरांचं घर विचारलं की समोरचा माणूस आधी हसायचा.

"फळ्यावाले सर काय? सिधे जा. जेथं लोक उभे राहून भिंत वाचून राहिले दिसतीन, थेच घर."

आणि खरंच लोक उभे असायचे. घराच्या बाहेरच्या भिंतीवर पाच हात लांब फळा होता. वर पांढऱ्या रंगानं कायमचं लिहिलेलं, 'नाही जमलं'. त्याखाली खडूनं, त्या आठवड्यात सरांचं जे जे फसलं असेल ते. 'पेरूवर कलम बांधले. सातव्या दिवशी वाळले. कारण माहीत नाही.' 'भाताचे बी कडुलिंबाच्या पाण्यात भिजवून पेरले. निम्मेही उगवले नाही.' 'मोहाच्या फुलांचे सरबत टिकवून पाहिले. तिसऱ्या दिवशी ते सरबत राहिले नाही.'

जे जमलं ते सर कधीच लिहीत नसत. "जमलेलं सांगाले सारं जग बसलं आहे," ते म्हणायचे. "न जमलेलं कोण सांगन? मंग दुसरा माणूस तेच पुन्हा करते, तिसरा पुन्हा करते. नाही जमलं ना? लिहून ठेव."

हे शेवटचं वाक्य त्यांना कुठंही चालायचं. माझी स्कूटर सुरू होत नसली तरी, विद्यार्थी नापास झाला तरी, वरण करपलं तरी. नाही जमलं ना, लिहून ठेव.

तो फळाही मुळात एक निकामी झालेली वस्तू होता. जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, तेव्हा कुठल्याशा कचेरीतली, सगळ्या तालुक्यांची नावं रंगवलेली मोठी लाकडी पाटी बिनकामाची झाली. सरांनी ती भंगारातून आणली आणि तिच्यावर काळा रंग फासला. रंग हलका निघाला. ओल्या फडक्यानं फळा पुसला की तिरोडा, आमगाव, देवरी अशी नावं खालून वर येत आणि वाळलं की पुन्हा बुडत. फळ्यावरची पहिली नोंद तीच होती. 'जुनी नावे झाकून पाहिली. नाही जमलं.'

तुमसरच्या कॉलेजात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. ते सिहोऱ्याच्या धान पिकवणाऱ्या घरातले, मी भंडाऱ्याच्या विणकरांच्या. आमच्याकडे लुगड्यात कुठं धागा चुकला तर घडी अशी घालत की चूक आत जाई. त्यांच्याकडे बहुधा घडी घालायची सवयच नसावी.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत आम्ही बाकीचे बरोबर उत्तराला गुण द्यायचो. सर वही उघडून विचारायचे, "हा आकडा तुहा आहे का तुह्या मागच्या वर्षीच्या दादाचा?"

पोरगा खाली पाहायचा.

"दादाचा असंन तं गुण दादाले देतो. तुहा चुकलेला आकडा दाखव."

एकदा एका मुलीनं रडत रडत खोडलेला आकडा दाखवला. तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. बाहेरून आलेले परीक्षक चहा तसाच ठेवून माझ्याकडे पाहत राहिले.

वहिनींनी मात्र या शास्त्राला कधी भीक घातली नाही. एका सकाळी फळ्यावर सरांच्या अक्षराखाली त्यांचं ठसठशीत अक्षर दिसलं. 'लग्न करून पाहिले. अठ्ठावीस वर्षे झाली. निरीक्षण चालू आहे.' अर्धं गाव वाचून गेलं. सरांनी ते पुसलं नाही. फक्त म्हणाले, "चालू प्रयोग फळ्यावर लिहाचा नसते. नियम आहे."

गावच्या शेतकऱ्यांना फळ्याचं मोल आमच्या आधी कळलं होतं. सायकलवरून एक पाय जमिनीला टेकून ते विचारत, "काहो सर, आज काय बिघडवलं?" मग वाचत, आणि जाताना म्हणत, "चला, आपली मेहनत वाचली."

ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून आलेलं नाही. मी ते लांबवतो आहे, हे माझ्या लक्षात येतं आहे.

फळा लागून तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही दोघांनी मिळून धानात निळं-हिरवं शेवाळ वाढवून पाहिलं. हे शेवाळ हवेतलं नत्र धरतं आणि पिकाला देतं, म्हणून खत कमी लागतं. सरांच्या शेतातल्या पाच बांध्या घेतल्या. बांधी म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं धानाचं खाचर. खालच्या तीन बांध्यांत शेवाळ सतरंजीसारखं पसरलं, धान तरारलं. वरच्या दोन बांध्यांत पाणी ठरत नव्हतं. तिथं शेवाळ वाळून पापडासारखं सोललं, आणि पीक होतं तसंच राहिलं.

त्या वर्षी माझी बढती एका शोधनिबंधावाचून अडली होती. संपादकांना स्वच्छ निकाल हवे असतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि तीन बांध्यांवर निबंध लिहिला. कच्चा खर्डा सरांना दाखवला. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"सोनकुसरे, दोन बांध्या कुठं गेल्या?"

"सर, त्यानं निबंध ढिला पडते."

"पडू दे ना. शेतच ढिलं आहे तं निबंध कायले कसून बांधतं?"

मी खर्ड्याची पानं जुळवू लागलो.

"मंग माह्यं नाव काढ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुले गरज आहे, तू छाप. पण त्या दोन बांध्या कधी ना कधी लिही. आपल्या हातानं."

मी आमच्या घरची घडी घातली. निबंध छापून आला, बढती मिळाली. पुढं त्याचं सोप्या मराठीतलं पत्रक निघालं आणि तुमसरच्या बाजारात वाटलं गेलं. त्यात बांध्या पाचही नव्हत्या आणि तीनही नव्हत्या. नुसतं 'शेवाळ वापरा' होतं.

पुढचे कित्येक महिने सिहोऱ्याहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारायचो, फळ्यावर काय आहे म्हणून. कलम असायचं, बी असायचं, मधमाश्यांची पेटी असायची. दोन बांध्या कधीच आल्या नाहीत. सर विसरले असं मी धरून चाललो. तसं धरणं मला सोयीचं होतं.

बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मी विभागप्रमुख झालो. एका वर्षी कॉलेजात 'मुक्त विज्ञान' या विषयावर कार्यशाळा झाली. पुण्याहून एक तरुण संशोधक बाई आल्या होत्या. त्या सांगत होत्या, ज्ञान कुलपात ठेवू नका, निबंधाबरोबर मूळ नोंदीही सगळ्यांना खुल्या करा, आणि फसलेले प्रयोग तर आधी छापा, कारण आपण ते लपवले की पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडतो. आमचे सहकारी माना डोलावत होते आणि प्रमाणपत्रं कधी वाटतात ते बघत होते. मी अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलो होतो.

शेवटच्या रांगेतून गभने सर उठले. "बाई, हे आत्ता निघालं काय?"

"काही वर्षं झाली, सर. जगभर चळवळ चालू आहे."

"असंन. आमच्या इथं भिंतीवर आहे. पाहाले येता?"

सगळे हसले. बाई मात्र खरोखर आल्या. मी गाडीत त्यांच्याबरोबर होतो. त्यांनी फळ्याचे फोटो काढले. मग सरांनी आतून रजिस्टरं आणली. दर आठवड्याला फळा पुसायच्या आधी ते सगळं रजिस्टरमध्ये उतरवून ठेवत, हे मला माहीत होतं. त्यांची चळत माझ्या कमरेएवढी झाली असेल, हे माहीत नव्हतं. बाई तिथंच फरशीवर बसून वाचू लागल्या.

"सर, हे सगळं स्कॅन करू. खुल्या संग्रहात ठेवू. जगात कोणालाही वाचता येईल."

सर आत गेले आणि धुतलेला सदरा घालून आले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो पाहुणा दारात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"अट एकच," बाई म्हणाल्या. "नोंदी अखंड हव्यात. मधलं काही गाळायचं नाही. कारण एक पान गाळलं तर बाकीच्यांवरही विश्वास राहत नाही."

सरांचा हात एका रजिस्टरवर थांबला.

"मंग राहू द्या, बाई."

"का, सर?"

"एक पान भरलं नाही अजून."

"मग भरा ना."

"ते माह्या हातानं भराचं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनींनी मात्र चहाचा कप माझ्यापुढं ठेवताना पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढं बोललो असतो तर त्या दिवशी ती सगळी रजिस्टरं जगात गेली असती. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "वहिनी, साखर थोडी जास्त झाली."

निघताना सर फाटकापर्यंत आले. "सोनकुसरे, येत जा ना बावा. आजकाल कोणी येत नाही."

मी सिहोऱ्याला जाणं कमी केलं. मग बंदच केलं. फोन आला की सांगायचो, परीक्षा आहेत. माझ्या निवृत्तीनंतरही दोनदा तेच कारण सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा 'बरं बरं' म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेरावं झाल्यावर मी भेटायला गेलो. वहिनींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं.

"हे तुमचं आहे म्हणत."

पान शोधावं लागलं नाही. खूण घातलेली होती. 'पाच बांध्या. शेवाळ. खालच्या तीन : जमलं.' मी नंतर सगळी रजिस्टरं पाहिली. 'नाही'वाचूनचं 'जमलं' त्यांत दुसरीकडं कुठंही नाही. त्याखाली 'वरच्या दोन :' आणि पुढं दोन ओळी कोऱ्या. समासात शिसपेनीनं बारीक अक्षरात, 'सोनकुसरे लिहील. घाई नाही.'

वहिनी भिंतीकडं पाहत बोलत होत्या. "ते पत्रक निघालं तेव्हापासून दोन पावसाळे सायकल घेऊन गावोगाव फिरले. वरच्या बांधीत टाकू नका, एवढंच सांगत. काहून टाकू नका, थे सांगत नव्हते. लोक हसत. साऱ्या गावायले पुरले नाही पाय. मी म्हटलं, फळ्यावर लिहून द्या ना एकदाचं, मोकळे व्हा. तं म्हणे, मी लिहिलं तं चुगली होते, त्यानं लिहिलं तं शास्त्र होते."

मग म्हणाल्या, "गाडीचा आवाज आला का खिडकीत जाऊन पाहत, भाऊजी."

त्या दोन ओळी मी तिथं बसून भरल्या. माझ्या जुन्या डायरीतले आकडे मला कधीच विसरता आले नव्हते. पुण्याच्या बाईंना कळवायचं ठरवलं, की नोंदी आता अखंड आहेत.

मग बाहेर आलो. फळ्यावर सरांची शेवटची नोंद तशीच होती, अक्षर खाली खाली उतरत गेलेलं. 'फाटकापर्यंत चालून पाहिले. नाही जमलं.' ती मी पुसली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'धानात शेवाळ. वरच्या दोन बांध्या. पाणी ठरत नाही तिथे होत नाही. नाही जमलं.'

मागं मोटारसायकल थांबली. पन्नाशीचा एक शेतकरी, एक पाय जमिनीला टेकून ओठ हलवत वाचत होता.

"हे थे पत्रकातलं शेवाळ काय?"

"हो."

"आमच्या बाबूजीनं टाकलं होतं. आमच्या साऱ्या वरच्याच बांध्या. कायी झालं नाही. घरचे म्हणत, पत्रकात लिवलं आहे, साऱ्यायचं होते, तुमचंच काहून नाही होत? हातच खराब आहे तुमचा. मीबी म्हटलं. मंग त्यायनं पेरणीले हातच लावला नाही कधी."

"आहेत का ते?"

"आहेत ना. बसून राह्यतेत अंगणात." त्यानं पुन्हा फळ्याकडं पाहिलं. "सर तं गेले. हे कोणं लिवलं?"

खडू माझ्या हातातच होता. ओळीखाली मी माझं नाव लिहिलं, पूर्ण. "मी. ते पत्रक माझ्याच निबंधावरचं. हे मला तेव्हाच माहीत होतं. मी लपवलं."

त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं किक मारली.

"सांगतो घरी जाऊन," तो म्हणाला. "हात बरोबर होता म्हून."