सोडतीची खुर्ची

रविवारी सकाळी बँकेचा माणूस घर मोजायला येणार होता, आणि गणिताचे सर उठल्यापासून मागच्या खोलीचं दार नीट लागतंय का हे बघत होते. दार लागत होतं. पण हात काढला की सावकाश कुरकुरत पुन्हा उघडत होतं, जणू आत काय आहे ते सांगायला त्यालाच घाई झाली होती.

"त्या दाराच्या मागे काय लागलायत सकाळपासून?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला न सांगितलेलंही ऐकू यायला लागलं होतं.

"वारं फार आहे."

"खिडक्या बंद आहेत."

सरांनी दाराखाली वर्तमानपत्राची घडी सारली आणि विषय मिटवला.

काम तसं सरळ होतं. घराचं कर्ज जुन्या बँकेतून नव्या बँकेत न्यायचं होतं. तिथे व्याज कमी होतं. हप्ता उतरला असता, आणि सर निवृत्त होता होता का होईना, घर त्यांचं झालं असतं. त्यासाठी नव्या बँकेच्या माणसाने यायचं, खोल्या मोजायच्या, आणि घर व घरातली माणसं भरवशाची आहेत असं लिहून द्यायचं. घराबद्दल सरांना शंका नव्हती.

माणसांबद्दल होती, कारण मागच्या खोलीत सरांचा भूतकाळ ठेवलेला होता. पाव भाजायचं यंत्र होतं. त्यातला पहिला आणि शेवटचा पाव कितीतरी दिवस दाराला टेकण म्हणून वापरात होता. पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा होता. त्याने पोट कमी झालं नाही, पण कपाटावरचे कप खाली आले. आणि मधोमध, चादरीखाली, अंग चेपून देणारी खुर्ची होती.

या खुर्चीची हकिगत सरांनी कुणालाच खरी सांगितली नव्हती. घराचा पहिला हप्ता भरून ते बँकेतून निघाले होते. पाय दुखत होते. दुकानाच्या दारातली मुलगी म्हणाली, "या ना सर, बसा." सरांनी आयुष्यभर वर्गात उभं राहून मुलांना 'बसा' म्हटलं होतं, त्यांना तसं म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. ते बसले. खुर्चीने पाठीवरून हात फिरवावा तसं काहीतरी केलं आणि सरांचे डोळे भरून आले. मुलगी म्हणाली, हप्ता अगदी थोडा आहे, रोजच्या एका कॉफीइतका. सातवीच्या पोरांना चक्रवाढ व्याज शिकवणाऱ्या माणसाने तिथे साधा गुणाकारही केला नाही. येत नव्हता म्हणून नव्हे. उत्तर काय येईल ते माहीत होतं म्हणून.

घरी खुर्ची आली तेव्हा बायकोने विचारलं, "हे काय?" आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "सोडतीत लागली."

हौस आठवड्यात फिटली. हप्ते फिटायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत त्यांनी लेकीला सायकल 'पुढच्या वर्षी' घेऊ म्हणून सांगितलं, तेही दर वर्षी. आणि गंमत अशी, की त्या पहिल्या आठवड्यानंतर सर त्या खुर्चीत पुन्हा कधी बसले नाहीत. बसलं की पाठीला बरं वाटायचं आणि बाकी सगळ्याला वाईट.

बेल वाजली. दारात हातात मोजणीयंत्र घेतलेला एक तरणाताठा गडी उभा होता.

"सर, ओळखलंत का? मी हातच्या."

सरांना वर्गातला शेवटचा बाक आठवला. बेरीज बरोबर मांडायचा आणि हातचा एक दर वेळी विसरायचा, म्हणून सगळा वर्ग त्याला हातच्या म्हणायचा.

"तू बँकेत?"

"घरांची किंमत ठरवतो सर. आता हातचा विसरत नाही," तो हसून म्हणाला. "आणि तुमचा तो तास तर कधीच विसरलो नाही. तुम्ही म्हणाला होतात, कुठलीही वस्तू समोर आली की तिला विचारा, तू गरज आहेस की हौस? मी अजून विचारतो. लग्नानंतर सोफ्यालासुद्धा विचारलं. आम्ही अजून जमिनीवरच बसतो."

"आणि तुझी बायको?" सरांच्या बायकोने विचारलं.

"ती माहेरी जाऊन बसते. तिथे सोफा आहे."

सरांचे कान तापले. एवढा मन लावून ऐकणारा विद्यार्थी त्यांना त्या दिवशी नको होता.

हातच्याने बाहेरची खोली मोजली, स्वयंपाकघर मोजलं, नळ सोडून पाहिले. मग मागच्या दारापाशी येऊन थांबला. "ही खोली?"

"ती अडगळ आहे रे. सोड."

"अडगळीलाही क्षेत्रफळ असतं सर. लांबी गुणिले रुंदी, तुम्हीच..."

पुढचं दारानेच पुरं केलं. वर्तमानपत्राची घडी सरकली, दार कुरकुरत उघडलं. आत पडदा ओढलेला होता. अंधुक उजेडात, पाय लांब करून, डोक्यावरून चादर घेऊन कुणीतरी पहुडलं होतं.

हातच्या एकदम कुजबुजला, "कोण झोपलंय सर?"

सरांकडे खरं सांगायची ही चांगली संधी होती. "काका," ते म्हणाले. "लांबून आलेत. दमलेत."

हातच्याने चवड्यांवर चालत भिंती मोजल्या. मग खुर्चीपाशी घुटमळला. "सर, काकांनी तोंडावरून पांघरूण घेतलंय."

"त्यांची झोप गाढ असते."

"श्वासही फार गाढ आहे सर. वर येतच नाहीये." आणि काळजीने त्याने चादरीला हात लावला. चादर घसरली.

"सर, ही तर खुर्ची आहे."

"हो."

"आणि काका?"

"उठून गेले असतील," सर म्हणाले.

"कोणते काका?" बायको कॉफीचे कप घेऊन दारात उभी होती. मग तिला खुर्ची दिसली आणि तिचा चेहरा खुलला. "हिची ओळख करून दिलीत होय. अरे, ही सोडतीत लागली ह्यांना. जन्मात ह्यांना नशिबाने दिलेली ही एकच वस्तू. मी दुकानात सगळ्यांना सांगितलंय. बसून तर बघ रे बाळा, दिवसभर जिने चढतोस."

"नको, त्याला उशीर होतोय," सर म्हणाले.

"फुकटात लागलीय म्हणजे हौस नाही ना ती, सर?" हातच्याने विद्यार्थ्याच्या प्रामाणिकपणाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बसला. बायकोने बटण दाबलं.

खुर्ची घुरघुरली. पाठीमागून काहीतरी लाटण्यासारखं फिरलं. हातच्याने डोळे मिटले आणि "आई गं" म्हणाला, पण सुखाने. मग हातांच्या आणि पायांच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगल्या, त्यांनी त्याला घट्ट धरलं, आणि यंत्र तसंच थांबलं.

"आता सोडेल," सर म्हणाले.

सोडतीची खुर्ची सोडत नव्हती. सरांनी बटणं दाबली. वायर उपसली, तर पिशव्यांतली हवा आतच कोंडली. हात ओढून पाहिला तेव्हा हातच्या फक्त लांब झाला, बाहेर आला नाही.

"सर, मला पुढे अजून एक घर आहे."

"कंपनीला फोन लावा," बायको म्हणाली.

"रविवारी कोण उचलणार?"

"मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय, केव्हाही करा." आणि तिने करूनसुद्धा टाकला. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन हातच्याच्या मांडीवर ठेवला. सरांना खोलीत वारं फार कमी आहे असं वाटायला लागलं.

फोनवरच्या मुलीने नंबर विचारला, थोडं थांबली आणि आनंदाने म्हणाली, "नमस्कार मॅडम. आपलं अभिनंदन. आपले तिन्ही वर्षांचे सगळे हप्ते वेळेवर आलेले आहेत. असे ग्राहक फार कमी असतात. म्हणून आपल्यासाठी खास सोय आहे, तळपाय चोळायचं यंत्र, अगदी सोप्या हप्त्यांत..."

बायकोने फोन बंद केला. हातच्याने वर छताकडे पाहायला सुरुवात केली. त्याला दुसरीकडे कुठे जाता येत नव्हतं.

"सोडतीला हप्ते असतात होय?" बायको म्हणाली.

सर खाली पडलेल्या चादरीची घडी घालू लागले.

"या खिडकीला पडदा म्हणून मी जुनी साडी लावलीय. हात आखडता आहे म्हणालात, मी विचारलंसुद्धा नाही." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सरांना जरा सोपं गेलं असतं. "आणि मी लोकांना सांगत फिरले, आमच्या ह्यांना एकदा तरी नशिबाने काही दिलं म्हणून."

"सांगणार होतो," सर म्हणाले.

"कधी? पुढच्या वर्षी?"

वर्गात चुकलेल्या मुलाला सर कधी ओरडत नसत. फळ्यापाशी बोलवत आणि 'कुठे चुकलं ते तूच शोध' म्हणत. आता ते स्वतः भिंतीपाशी उभे होते, आणि कुठे चुकलं ते शोधायची गरजच नव्हती. ते चादरीशिवाय समोर उभं होतं आणि त्यात हातच्या बसला होता.

तेवढ्यात गोटी आली. गोटी म्हणजे सरांची लेक, सातवीतली. शेजारच्या आजींचं भांडं परत द्यायला गेली होती. तिने एकदा खुर्चीकडे पाहिलं.

"अडकले? डावीकडे कलंडा काका. श्वास सोडा. टाचा आत." मग ती बाजूला गेली आणि खुर्चीच्या कुशीत, खाली कुठेतरी, गुडघ्याने एक धक्का दिला. खुर्चीने फुस्स केलं आणि हातच्या सुटला.

"तुला कसं माहीत गं?" आईने विचारलं.

"सगळ्या आज्या इथेच अडकतात."

"कुठल्या आज्या?"

गोटीने ओठ मिटले. पण उशीर झाला होता. घरात त्या दिवशी एकामागून एक सगळंच उघडं पडत होतं.

गोटीची शाळा सकाळची, सरांची दुपारची, आणि आई यायची संध्याकाळी. त्या मधल्या वेळात इमारतीतल्या आज्या पाळीपाळीने येऊन बसून जात. एका बैठकीचं एक नाणं. गुडघेदुखीवाल्यांना थोडं जास्त वेळ. गोटीने बिस्किटांचा डबा आणून उघडला. तो काठोकाठ भरलेला होता.

"सायकलला थोडेच कमी आहेत," ती म्हणाली. "तुम्ही रागावाल म्हणून सांगितलं नाही."

सरांनी डब्याकडे पाहिलं आणि खुर्चीकडे पाहिलं. त्यांनी आजवर घेतलेल्या सगळ्या वस्तूंत कमावती निघालेली ही एकच होती, आणि ती कमाईही त्यांची नव्हती.

हातच्या निघाला. दारात तो हळूच म्हणाला, "सर, घराचं मी चांगलंच लिहितो. कर्ज बदलून मिळेल. बँक भिंती धरते, खुर्ची धरत नाही. काकाही धरत नाही." मग घुटमळला. "एक विचारू? हप्ता किती पडतो?"

"हातच्या," सर म्हणाले, "तू जमिनीवर बस."

आत येऊन पाहिलं तर गोटी डबा पुढ्यात घेऊन कसल्यातरी विचारात होती.

"बाबा, खुर्ची सोडतीत नव्हती लागली?"

"नाही." हा शब्द तीन वर्षं उशिरा आला होता, पण आला.

"मग खरेदी किती धरायची? तुम्ही फुकट म्हणालात म्हणून मी शून्य धरली होती. म्हणून हा सगळा नफा होता."

सरांनी रक्कम सांगितली. अगदी हळू सांगितली.

"व्याज धरून?"

सरांनी व्याज धरून सांगितली.

गोटी छताकडे बघत ओठ हलवत राहिली. तोंडी हिशेब सरांनीच शिकवला होता तिला. ती हातचा विसरली नाही.

"म्हणजे आपण तोट्यात आहोत," ती म्हणाली. रागाने नाही, उत्तर सांगतात तसं. मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्यांच्याकडे सरकवला. "आधी तोटा भरून काढू. सायकल पुढच्या वर्षी."

त्यांचेच शब्द होते ते. लेकीने ते इतक्या शहाणपणाने परत केले, की सरांना कुठे बघावं कळेना. त्यांनी डबा उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"नाही. सायकल याच आठवड्यात. कमी पडतील ते मी घालतो. खुर्चीचा तोटा माझा. तो माझ्या नावावर राहू दे."

"पक्कं?"

"पक्कं."

बायको दाराला टेकून ऐकत होती. गार झालेली कॉफी तिने पुन्हा गरम करायला नेली. सरांचा कपही नेला, हे त्यांनी पाहून ठेवलं.

सकाळपासून उभं राहून सरांचे पाय भरून आले होते. ते खुर्चीकडे बघत राहिले. गोटीच्या ते लक्षात आलं.

"बसा ना बाबा," ती म्हणाली.

सर वळले, खुर्चीच्या हातावर हात टेकला. गोटीने तळहात पुढे केला.

"आज्या देतात. तुम्हालाही पैसे पडतील."

सरांनी खिसे चाचपले. सदऱ्याचा, मग पँटचा. एकही नाणं नव्हतं.

"नंतर दिले तर चालतील?"

"रोख घे गं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "त्यांना हप्ते बांधून देऊ नकोस."