पाठमोरे कोच

आमचे वरच्या मजल्यावरचे दिघेकाका मॅच चालू असताना मैदानाकडे पाठ करून उभे राहतात. एखाद्या प्रेक्षकानं असं केलं असतं तर समजता आलं असतं. पण काका संघाचे कोच आहेत. मॅच बघायचं काम माझ्याकडे. मी सांगायचं, त्यांनी घाम पुसायचा.

"मंजिरी, कोणी पडलं का गं?"

"काका, रग्बी आहे. सगळेच पडतात."

"पडलेले उठले का, ते सांग!"

स्कोअर त्यांनी मला कधीच विचारला नाही.

काका एकेकाळी भारताकडून रग्बी लीग खेळले. ही तेरा जणांची रग्बी, पंधरा जणांची वेगळी, हे ते भेटेल त्याला समजावतात. तरी जर्मनीतल्या आमच्या गेर्लिंगेन गावातली निम्मी मराठी मंडळी त्यांना 'कबड्डीचे कोच' म्हणतात. काकांनी आठवडाभर ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकच्या चाचण्या घ्यायच्या आणि रविवारी आमचे इंजिनिअर नि पीएचडीवाले पळवायचे. माझा नवरा समीर त्यांतलाच. लग्नाआधी हा माणूस बस पकडायलाही धावत नसे.

कोणाच्या डोक्याला जरा लागलं, की काकांचा प्रश्न ठरलेला: "काल रात्री काय जेवलास?" त्यांच्या मते डोकं हललं की आधी कालचं जेवण पुसलं जातं. एकदा तळघराच्या दारावर माझं कपाळ आपटलं, तर काका वरून अनवाणी धावत आले. वांग्याचं भरीत म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

यंदा आमच्या फेराइननं, म्हणजे क्लबनं, बजावलं होतं: शेवटची मॅच जिंका, नाहीतर मैदान फुटबॉलवाल्यांना देणार. काकांची झोपच उडाली. त्यात कोणी उरलाउबला, सुट्टीवर गेलेला, कोणाचा थीसिस अडलेला. जमले मोजून तेरा. राखीव एकही नाही.

शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि आम्ही चक्क दोन गुणांनी पुढे होतो. तेवढ्यात समीर एका आडदांड माणसाखाली आपटला. उठला, हसला, अंगठा दाखवला.

"उठला, पण डोकं आपटलंय," मी म्हणाले. काका गर्रकन वळले आणि त्याच्यापाशी गेले. मीही मागोमाग.

"काल रात्री काय जेवलास?"

"पिठलं-भात!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

पिठलं गुरुवारी होतं. काल मी पावभाजी केली होती, आणि यानं सहा पाव हाणले होते. सगळा संघ माझ्या तोंडाकडे बघत होता. 'गेनाऊ, अगदी बरोबर' म्हणून टाकावं, असं क्षणभर वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

"नाही काका. पावभाजी."

"बाहेर ये."

"अहो काका, दहाच मिनिटं!" समीर म्हणाला.

"बाहेर म्हणजे बाहेर!"

उरलेल्या बारा जणांनी जिवाचं रान केलं. पण समीरच्याच रिकाम्या जागेतून तो आडदांड घुसला, आणि आम्ही हरलो.

हॉस्पिटलात समीरला तपासायला आत नेलं. मी रडकुंडीला आले होते. "माझ्यामुळे मैदान गेलं, काका."

"वेडी आहेस का?" काका म्हणाले. मग बाकावर माझ्याशेजारी बसले. "भारताकडून माझी शेवटची मॅच. डोकं आपटलं होतं. 'ठीक आहे' म्हणून उठलो. नंतर म्हणे मीच चेंडू घेऊन पळालो, मॅच जिंकून दिली. मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही."

काका तपासणीच्या दाराकडे बघत पुढे सांगू लागले.

"आई पहिल्यांदाच बघायला आली होती. मॅच संपल्यावर मला जवळ घेऊन खूप काही बोलत होती, असं पोरं सांगायची."

"काय बोलल्या, ते आईंनाच विचारलं नाहीत?"

"कसं विचारणार गं? मला आठवत नाही, हे तिला कळलं असतं ना. ती जाईपर्यंत कळू दिलं नाही."