मुकुंदकाकांचा अंबाडा

मुकुंदकाकांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. तरीही मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी डोक्याच्या मागे संत्र्याएवढा लोकरीचा गुंडा नाडीने बांधला होता, कानांना नाटकातल्या, चिमट्याच्या मोत्यांच्या कुड्या लावल्या होत्या आणि या साजशृंगारावर एक काळाकुट्ट हेडफोन चढवून ते अंगणात मटार सोलत बसले होते. मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने बघायला आले होते. सांगलीहून जबलपूरला बदली होऊन आलेल्या, गावात कुणी ओळखीचं नसलेल्या बँकेतल्या मुलीने हे दृश्य पाहून खरं तर आल्या पावली परत जायला हवं होतं.

"या मॅडम, बसा!" काका इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "तीन घंटे पूर्ण व्हायला दहा मिनिटं आहेत. टेस्टिंग करून राहिलो!"

मी खोली घेतली. कारण या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर मराठीत ओरडलं होतं.

काका फॅक्टरीत तपासनीस होते. नोकरीभर त्यांनी लोखंडाचे तुकडे मापात बसतात की नाही ते पाहिलं आणि निवृत्त झाल्यावर तोच डोळा हेडफोनवर रोखला. त्यांच्या स्वयंपाकघरात भांड्यांची एक मोठी मांडणी आहे. तिच्यावर भांडी दोनच, बाकी सगळे हेडफोन. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. खालच्या फळीवर 'रिजेक्ट', मधल्या फळीवर 'रिवर्क' आणि वरच्या फळीवर 'पास'. मी राहायला गेले तेव्हा वरच्या फळीवर फक्त लोणच्याची बरणी होती.

"हा कानाला चावते," काका एकेक उचलून मला दाखवत. "यात माणूस विहिरीतून बोलून राहिला. आणि याची गादी पाहा! आता थंडी आहे म्हणून ठीक आहे, मे महिन्यात कानाची भजी होतील."

कानात खुपसायच्या इअरफोनची तर त्यांनी चाचणीच घेतली नाही. घरात आल्या आल्या रिजेक्ट. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ते मशीन वाटते."

बाकीचे शौकीन लोक हेडफोनवर गाणी ऐकून आवाज पारखतात. काका बातम्या ऐकत. तेही शब्दाशब्दाला मान डोलवून. फोनवर या शौकिनांचा एक ग्रुप आहे. एकाने तिथे आपल्या नव्या हेडफोनचं ढोलासकट भरभरून कौतुक केलं, तेव्हा काकांनी खाली लिहिलं, "भैया, ढोल तो आ गया, आदमी कहां है?" त्या ग्रुपमधून त्यांना दोनदा काढलं आहे. दोन्ही वेळा ते पुन्हा घुसले.

घमापूरचा हेडफोनवाला दुकानदार तर त्यांना लांबून पाहिलं की काउंटरखाली वाकायचा. एकदा मी बरोबर होते. काकांनी खिशातून लोकरीचा गुंडा काढला, आरशापुढे उभं राहून बांधला आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत मान वर-खाली, डावी-उजवी करू लागले. "अंकल," दुकानदार हात जोडून म्हणाला, "जूड़ा तो घर पर छोड़ आते!"

"टेस्टिंग चल रही है!" काका गरजले.

माझ्याही केसांवर त्यांची नजर होतीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा अंबाडा होते का?" माझे केस खांद्यापर्यंत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून मी कुठल्या फळीवर गेले ते मला कळलं.

या घरात आणखी एक माणूस आहे. काकांची थोरली बहीण, माई. आई लवकर गेली, मग माईंनीच त्यांना वाढवलं. माईंनी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. दोघांनीही लग्न केलं नाही. माई सकाळी अंगणातल्या उन्हात बसायच्या आणि मी "येते हं माई" म्हटलं तरी मान वर करायच्या नाहीत. मला वाटायचं, मी त्यांना आवडत नाही. आणि काका सदानकदा ओरडतात ते कानांवर हेडफोन असतो म्हणून, अशीही माझी समजूत होती. बँकेत एवढे कागद तपासते मी, पण अंगणातलं मला दिसलं नाही.

एका सकाळी मी वाटी परत करायला खाली आले. माई पाठमोऱ्या बसून मटार सोलत होत्या. पांढऱ्या केसांचा संत्र्याएवढा अंबाडा. कानांत मोत्यांच्या कुड्या. कानामागे चष्म्याच्या जाड काड्या. मी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले. माप तेच होतं.

फाटकाशी काकांना गाठलं. ते इकडेतिकडे बघून कुजबुजले, म्हणजे समोरच्या घरापर्यंत जाईल इतपतच बोलले. "डॉक्टरनं कानाची मशीन दिली होती. तिनं बटणांच्या डब्यात टाकून दिली. म्हणते, मी बहिरी नाही, तुम्ही लोक पुटपुटता. मंडळात भजन सांगायची ना ती! एक दिवस सगळ्या थांबल्या अन् ही एकटीच गात राहिली. दोघी-तिघी हसल्या. तेव्हापासून फाटकाबाहेर नाही गेली."

"मग हेडफोन?"

"हेडफोन तर कॉलेजच्या पोरीपण घालतात! त्याला कोण बहिरं म्हणेल? फोन समोर ठेवला की समोरचं बोलणं मोठं होऊन कानात येते. पण मॅडम, माई एकदाच घालेल. अंबाड्याला लागला, कुडीला टोचला, तर जन्मात पुन्हा हात नाही लावणार. म्हणून पहिलाच पास पाहिजे."

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं आणि तपासणीला बसू लागले. माझे केस निकामी, पण मान हलवायला काय जातं!

शेवटी एका रविवारी एक राखाडी, कापडी गादीचा हेडफोन तीन तास टिकला. कुड्या शाबूत, गुंडा जागच्या जागी. काकांनी हिरव्या शाईने 'पास' लिहिलं, लोणच्याची बरणी हलवली, हेडफोन वरच्या फळीवर ठेवला आणि पुन्हा काढून माझ्या हातात दिला. "तुम्ही द्या. मी दिला तर औषध वाटेल तिला."

मी माईंच्या समोर बसले. मटारच्या थाळीत फोन ठेवला, हेडफोन पुढे केला. त्यांनी आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा सारखा केला आणि मान पुढे केली.

काकांना दम कुठला! दारातूनच गुंड्यासकट ओरडले, "माई! ऐकू येते काय?"

माईंनी दोन्ही हात हेडफोनवर दाबले. "काहून ओरडून राहिला रे, मुकुंदा? मी काय बहिरी आहे?"

काका दारातून दोन पावलं पुढे आले. मग एका आवाजात, जो मी या घरात कधीच ऐकला नव्हता, मऊ, जरासा घोगरा, शाळकरी मुलासारखा, ते म्हणाले, "नाही, माई."

माईंना ते ऐकू गेलं. त्यांनी मान हलवली आणि एक शेंग सोलली. मग दुसरी. मग थाळीकडे बघतच म्हणाल्या, "कुडीला लागत नाही. अंबाड्यालाही नाही. अन् ती लोकर माझ्या स्वेटरची आहे. चलो, सोड आता."

काका दोन्ही हात डोक्यामागे नेऊन नाडीशी झटापट करू लागले. गाठ शेवटी मीच सोडली. ती मागे होती, आणि काकांना तेव्हा समोरचंही नीट दिसत नव्हतं.