घोडा छापलेलं नाणं

रविवारी सकाळी गिऱ्हाइकाला सुटे पैसे परत देताना कात्रीदादाच्या हाताला गल्ल्यात एक जड नाणं लागलं. रविवारी त्याच्या सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तरी तो ते उजेडात धरून बघत उभा राहिला. एका बाजूला घोडा. दुसऱ्या बाजूची अक्षरं झिजून सपाट झालेली.

खुर्चीत इतिहासाचे निवृत्त मास्तर बसले होते. अर्धी दाढी झालेली, उरलेल्या गालाला फेस.

"बघू इकडे." त्यांनी नाणं नाकाशी नेलं. "हा 'क'. हा 'फे'. मागचं-पुढचं झिजलंय. कफेंद्र असणार."

"कोण कफेंद्र?"

"राजा. नाणी दुसरं कोण पाडतं?"

बाकावरची वर्तमानपत्रं खाली आली. कफेंद्र उत्तरेचा की दक्षिणेचा, यावरून दोन तट पडले. ज्यांचे केस कापून झाले होते तेही घरी जायचं नाव घेईनात.

एवढ्यात कात्रीदादाची बायको डबा घेऊन आली. तिने नाणं उलटसुलट करून पाहिलं.

"राजाचं नाणं, मग राजा कुठाय? घोडा एकटाच का?"

"लढाईत पडला असेल," मास्तर म्हणाले.

कात्रीदादाला मात्र संग्रहालयातलं काचेचं कपाट दिसत होतं. नाण्याखाली पाटी, पाटीवर देणगीदार म्हणून आपलं नाव. आजवर त्याचं नाव छापून आलं होतं ते फक्त वीजबिलावर. त्याने भर गर्दीत दुकान बंद केलं आणि बायकोलाही बरोबर घेतलं.

"मास्तर, तुमची अर्धी दाढी राहिलीय."

"ती वाढतेच आहे. चल."

संग्रहालयातल्या बाईंनी भिंग लावलं आणि नाणं हळूहळू फिरवून पाहिलं. कात्रीदादाने शर्टाची कॉलर नीट केली.

"'क'च्या आधी 'ए' आहे," बाई म्हणाल्या. "'फे'च्या पुढे 'री'. एक फेरी. आणि घोड्याच्या पायाखाली बारीक अक्षरांत लिहिलंय, 'घट्ट धरा'. मागच्या बागेत घोड्यांचा चक्री पाळणा आहे ना, त्याचं जुनं टोकन आहे हे."

मास्तरांनी गालावरून हात फिरवला. फेस वाळून कडक झाला होता.

"कफेंद्राचं बाहेर कुठे बोलू नका," ते हळूच म्हणाले आणि रुमालाने तोंड झाकून घरी गेले.

कात्रीदादाचा चेहरा पार उतरला. बायको मात्र इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. डोळे पुसत ती उठली. "चला, बाग इथेच आहे."

पाळणेवाल्या म्हाताऱ्याने टोकन हातात घेतलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा पाहिलं. "शंभर पाडून घेतली होती. एवढं एकच परत आलं नव्हतं."

"अजून चालेल?" कात्रीदादाने विचारलं.

"न चालायला काय झालं? मीच दिलंय ना."

तोवर बायको पांढऱ्या घोड्यावर बसलीसुद्धा होती. कात्रीदादा मागोमाग चढू लागला, तसा म्हाताऱ्याने साखळी आडवी धरली. "एका टोकनावर एकच माणूस."

"मला भीती वाटते हो," बायको घोड्यावरून म्हणाली. भीतीचा तिच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. "यांना येऊ द्या ना."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, कात्रीदादाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे साखळी सोडली.

"या. लहान मुलांबरोबर पालकांना फुकट असतं."