नऊपर्यंत मोजणारे बापट

बापट कुठेही गेले की आधी माणसं मोजतात. लग्नात, देवळात, लिफ्टमध्ये. एकदा दातांच्या डॉक्टरकडे आमची गाठ पडली. बापटांनी दारातूनच सगळ्यांवर बोट फिरवलं आणि खणखणीत आवाजात "सिक्स!" असं जाहीर केलं. कोपऱ्यातला दाढीवाला गृहस्थ गाल धरून बसला होता, तो एकदम ताठ झाला. आपले सहा दात जाणार असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

खरं तर आम्ही सात होतो. बापट स्वतःला मोजत नाहीत. विसरतात.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, ते आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. आयुष्यभर पुलांचे हिशेब करणारे इंजिनियर. पूल अजून उभे आहेत, म्हणजे तिथे आकडे बरोबर आले असणार. फक्त माणसांच्या बाबतीत त्यांना नेहमी एक कमी पडतो.

रविवारी तळ्याभोवती सायकली फिरवणारं आमचं दहा जणांचं टोळकं होतं. सगळे साठी ओलांडलेले. एका रविवारी बापट म्हणाले, "या तळ्याला किती गोल गोल फिरायचं? फ्रान्सला जाऊ. सायकलने. तंबूत राहू." आमच्यापैकी एकालाही ताबडतोब नाही म्हणायचं सुचलं नाही, आणि तिथेच आम्ही फसलो.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची अल्लड तरुणी होते. मागे गादी शिवलेली सायकलची चड्डी घेतली, त्यावर कुडता चढवला आणि आरशासमोर उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, प्लीज डोन्ट वेअर दॅट आउटसाइड." मला वाटलं, जळते. फोटोत पाहिलं तर गाद्या पोचवायला निघालेली बाई दिसते. फ्रेंचही शिकले होते तीन आठवडे. त्यातलं नमस्काराचं 'बाँझूर' तेवढं टिकलं. ते मी वाटेतल्या गाईंनाही म्हणत असे.

पहिल्याच सकाळी नदीकाठच्या कॅम्पवर बापटांचा आवाज घुमला, "मोजा! मोजा!"

मी तंबूतून डोकं बाहेर काढलं. बापट कमरेवर हात ठेवून चहूकडे बघत होते. मला दया आली. बायको नलिनी जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी लांब सांता क्लाराला, वस्तू हातात देणारं कोण आहे या माणसाला? मी झुडपांत बघितलं, नदीकाठ पालथा घातला, शेजारच्या डच कुटुंबाच्या दोरीवरचे मोजे उलटेपालटे करून पाहिले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आजन्म विसरणार नाही. शेवटी माझा स्वतःचा, नातीने दिलेला, पिवळ्या बदकांचा एक मोजा बापटांच्या हातात ठेवला.

"शैलाताई, हे काय?"

"मोजा."

"अहो, माणसं मोजा!"

आमचे हे हसून हसून तंबूच्या दोरीत अडकले आणि तंबू खाली आला.

मग रोज हाच कार्यक्रम. प्रत्येक वळणावर बापट थांबणार, आम्हाला पुढे सोडणार, आणि "नऊ... नऊच कसे? कोण राहिलं?" म्हणून सगळ्यांना अडवून धरणार. आम्ही दहाजण एका सुरात ओरडायचो. म्हणजे नऊजण. "अहो बापट, तुम्ही!" की मग "हां हां, चला."

चौथ्या दिवशी माझी चड्डीतली गादी बसून गेली होती आणि डोकंही ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "आज आकडा माझ्याकडे. बापटांचा आकडा पुरे."

एका फाट्यावरून लांबच लांब उतार लागला. आम्ही भन्नाट सुटलो ते थेट खालच्या गावातल्या पावाच्या दुकानापाशी थांबलो. भिंतीला टेकवलेल्या सायकली मी मोजल्या. दहा! "बघा," मी म्हटलं, "एका दमात मोजलं." दहावी सायकल पाव घ्यायला आलेल्या एका फ्रेंच आजीबाईंची होती, हे त्या ती घेऊन गेल्या तेव्हाही माझ्या ध्यानात आलं नाही. मी त्यांना बाँझूर केलं.

कॅम्पवर तंबू लागले. आणि मग आठवण झाली. बापटांची नाही, चहाची. चहाचा डबा, स्टोव्ह, लायटर, सगळं बापटांच्या पिशवीत.

"बापट कुठेत?" ह्यांनी विचारलं, आणि सगळे एकदम माणसं मोजायला लागले.

फोन करायची सोय नव्हती. आदल्या दिवशी त्यांचा फोन ओढ्यात पडला होता आणि तो माझ्याच डब्यात, तांदळात पुरून ठेवला होता. मी डोक्यावर हेल्मेट घातलं आणि निघाले. हे मागून येतच होते, पण चूक माझी होती, मला आधी पोचायचं होतं. जो उतार वाऱ्यासारखा उतरले होते तोच आता चढायचा होता. अर्धा सायकलवर, अर्धा तिला ढकलत. दर वळणावर वाटे, इथे पडलेले दिसले तर? त्यांच्या मुलीला काय सांगू? सायकली मोजल्या म्हणून सांगू?

बापट फाट्यावरच होते. सूर्यफुलांच्या शेताच्या कडेला, उन्हात, सायकल धरून उभे. दोन तास.

"आलात?" ते म्हणाले. "नऊ गेले, दहावा येईना. म्हटलं, इथून हलायला नको. चुकेल बिचारा."

"बापट," मला दम लागला होता, "दहावे तुम्ही."

त्यांनी बोटांवर मोजलं. मग हसले. मग हेल्मेट काढून त्याच्या आत बघत बसले.

"माझं नऊपर्यंतच असायचं हो, शैलाताई," ते म्हणाले. "मी सगळ्यांना मोजायचो आणि मला नलिनी मोजायची. 'आणि तुम्ही' म्हणायची. घरी आता एकच असतो. एकाला काय मोजायचं?"

तेवढ्यात हे धापा टाकत पोचले. बापटांनी तिथेच रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवला. तिघांनी चहा घेतला. दोनच कप निघाले. कुणाचा राहिला, ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी माझ्यातला अर्धा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा बदकांचा मोजा पायातून काढला आणि बापटांच्या हँडलला घट्ट बांधला.

"हे काय?"

"मोजा," मी म्हटलं.

तो अजून तिथेच आहे. बदकं पार पांढरी पडलीत. टोळक्यातले तिघे मुलांकडे गेले, आता आम्ही सातच उरलोय. रविवारी तळ्याशी बापट बोट फिरवतात, सहापर्यंत येतात, अडखळतात. आम्ही कुणी ओरडत नाही. त्यांची नजर हँडलकडे जाते.

"मोजा," ते पुटपुटतात. आणि मग, आपलं नाव कुणी दुसऱ्यानेच घेतल्यासारखं, जरा लाजून, "सात."