कवळीचा राजीनामा

कवळीने बँड सोडला. अकरा वर्षं त्या बँडमध्ये काढून, रीतसर लेखी राजीनामा देऊन, चाळीस साक्षीदारांसमोर तो बाहेर पडला. पण तसं काही झालंच नाही असं आपण धरून चालू. बाकी सगळ्यांनी तसंच धरलंय, आणि चारचौघांत वेगळं दिसायची हौस आपल्याला नाही.

कवळी हे त्याचं खरं नाव नव्हे. तो दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायचा आणि रविवारी बँडमध्ये त्याच वाजवायचा. डॉक्टरांनी नापास केलेले सतरा जबडे त्याने बिजागऱ्या लावून एका सुटकेसमध्ये बसवले होते. दाढांचा आवाज भरदार यायचा, सुळ्यांचा जरा फुटका.

बँडमध्ये माणसं तीनच. उस्ताद लिफ्ट दुरुस्त करायचे आणि व्हॅक्यूम क्लीनर वाजवायचे. मावशी ही उस्तादांची सख्खी मावशी. बसस्थानकावर तीस वर्षं गाड्या पुकारून ती निवृत्त झाली, तेव्हा तिला शब्दांचा वीट आला होता. ती माइकसमोर उभी राहून फक्त श्वास घ्यायची. बँडला नाव नव्हतं. नाव ठेवलं की लोक नावं ठेवतात, असं उस्तादांचं मत होतं. या सगळ्याला ते प्रायोगिक संगीत म्हणायचे. प्रयोग कुणावर चाललाय हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

दर वर्षी हॅलोविनला त्यांचा कार्यक्रम व्हायचा. पहिल्या वर्षी पुढच्या रांगेत दोघं घोरायला लागले, तेव्हा उस्ताद संतापून माइकवर म्हणाले की हा आमचा शेवटचा कार्यक्रम, बँड आज मेला. अख्खा हॉल उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळी म्हणजे काय हे बँडला तोवर ऐकूनच माहीत होतं. तेव्हापासून दर हॅलोविनला बँड मरायला लागला. शेवटी कवळीने निधनाची बातमी वाचायची, मग तिघांनी पांढऱ्या चादरी ओढून स्टेजवर आडवं व्हायचं आणि लोकांनी गुपचूप निघून जायचं. लोकही भुतं होऊन, चादरी पांघरूनच यायचे. एका वर्षी ते गेलेच नाहीत. मेलेले आणि आलेले तासभर एकमेकांची वाट बघत राहिले. हे सगळं दुपारी तीन ते पाच चालायचं, कारण साडेपाचला हॉल झुंबावाल्या बायकांचा असे. पाच वाजले की भुतं चादरींच्या घड्या घालून घरी जायची.

या वर्षी कवळीच्या बायकोची दुसऱ्या गावी बदली झाली. घर रिकामं केलं, तिथल्या लॅबमध्ये कवळीला जागाही मिळाली. निघायचा दिवस नेमका हॅलोविनचा. बायकोने एकच अट घातली होती, की हे बँडचं लचांड इथेच संपवून यायचं.

त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही. तालमीत त्याने सांगितलं की मी सोडतोय, तर उस्ताद म्हणाले की हाच सूर धरून ठेव. मावशीला फोन केला, तर ती पलीकडून नुसता श्वास घेत राहिली. कवळीला वाटलं ती हळहळतेय, पण ती रियाज करत होती. मेसेज पाठवला, तर उस्तादांनी तो व्हॅक्यूम क्लीनरवर बसवला. नऊ मिनिटांचा झाला.

"लेखी दे," बायको म्हणाली. "आणि सगळ्यांसमोर दे, म्हणजे त्यांना पाठ फिरवता येणार नाही. पाच वाजता ट्रक हॉलच्या कोपऱ्यावर असेल. आलास तर दोघं जाऊ. नाही तर मी आणि कपाट. मग मात्र मागे यायचं नाही."

कवळीने आयुष्यात एकच अर्ज लिहिला होता, गोवराच्या रजेचा. त्यातला गोवर काढून त्याने बँड घातला. साडेचारला, निधनाची बातमी वाचायच्या जागी, त्याने खिशातून तो कागद काढला आणि वाचायला लागला. महोदय, कौटुंबिक कारणास्तव मी आजपासून आपल्या बँडच्या सेवेतून मुक्त होत आहे.

हॉलमध्ये हशा पिकला.

सुटकेस व त्यातील सतरा जबडे मी सुस्थितीत परत करत आहे, असं त्याने वाचलं, तेव्हा तिसऱ्या रांगेतलं एक भूत मुसमुसायला लागलं.

"हे खरं आहे," कवळी म्हणाला. टाळ्या पडल्या. "म्हणजे खरोखरच खरं आहे. बाहेर माझी बायको ट्रकमध्ये बसलीय." लोक उभेच राहिले.

उस्ताद त्याच्या कानाशी वाकले. "सुरेख चाललंय. फक्त 'कौटुंबिक'नंतर जरा थांब. मावशीच्या श्वासाला जागा पाहिजे."

"उस्ताद, मी चाललो. देवाशप्पथ."

"हेही ठेव," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरची नळी राजीनाम्यावर धरली. कागद आत गेला, अर्ध्यात अडकला आणि फडफडायला लागला. त्या आवाजासाठी बँड अकरा वर्षं धडपडत होता. उस्तादांचे डोळे भरून आले.

कवळी स्टेजवरून उतरला आणि मधल्या वाटेने चालत सुटला. या बँडने आजवर कधी स्टेज सोडलं नव्हतं, त्यामुळे हा नवा भाग असणार हे लोकांनी ओळखलं आणि ते मागोमाग निघाले. भर उन्हात रस्त्यावर चाळीस चादरी आल्या. बस थांबली. बसमधल्या एकाने टोपी काढली. मागून उस्ताद मशीन कडेवर घेऊन येत होते. वायर दाराशीच संपली होती, पण बंद मशीनही ते मन लावून वाजवत होते. मावशीच्या हातात बिनवायरचा माइक होता.

बायको ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर कुंडी घेऊन बसली होती. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग चादरींकडे.

"हे काय आहे?"

"राजीनामा दिला."

"आणि ही वरात?"

"ती आपली आपण आली."

"कागद दाखव."

कवळीने उस्तादांच्या कडेवरच्या मशीनकडे बघितलं. "त्यात आहे."

बायकोने मांडीवरची कुंडी बाजूला ठेवली. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही, हे वाईट झालं, कारण त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"अकरा वर्षं तुमचं मरण बघायला पहिल्या रांगेत बसले मी. एकदा, फक्त एकदा, तू माझ्यासाठी काहीतरी खरं करशील असं वाटलं होतं. तेही बसवून आणलंस."

"बसवलेलं नाही गं."

तो इतक्या कळवळून म्हणाला की मागून एक टाळी आली. मग चाळीस जणांच्या आल्या. टाळ्या ओसरल्या तिथे मावशीचा श्वास अगदी नेमका पडला. बायकोने काच वर केली आणि ड्रायव्हरला चला म्हणाली.

ट्रकचं इंजिन सुरू झालं. तो आवाज ऐकून मावशीच्या आत काहीतरी जागं झालं असावं. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा शब्द बोलली. "गाडी सुटत आहे," ती माइकमधून खणखणीत म्हणाली. "उशिरा येणाऱ्या प्रवाशांसाठी गाडी थांबणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

कवळी ट्रकमागे धावला. म्हणून चाळीस चादरीही धावल्या. ड्रायव्हरने आरशात ते बघितलं आणि त्याच्या जागी कुणीही केलं असतं तेच केलं. ट्रक सिग्नल तोडून गेला.

पेपरात परीक्षण आलं. त्यात लिहिलं होतं की या बँडने प्रथमच काहीतरी प्रामाणिक सादर केलं, आणि ट्रकमधल्या अभिनेत्रीने तर कमाल केली. कवळीने ते कात्रण बायकोला पाठवलं. लोकांनाही ते प्रामाणिक वाटलं, तर तिलाही वाटेल, असा त्याचा साधा हिशेब होता. कात्रण परत आलं. समासात तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'छान काम केलंस.'

तो तिकडे गेलाही. दार उघडायच्या आधी तिने खिडकीतून खाली कुणी चादरीवाले आहेत का ते बघितलं. नव्हते. तरी तिने दार उघडलं नाही.

आता तो जुन्याच लॅबमध्ये कवळ्या घडवतो. बँडचा कार्यक्रम आता दर महिन्याला होतो, आणि त्यात कवळी राजीनामा देतो. मला खरंच जायचंय असं त्याने सांगितलं की उस्ताद म्हणतात, हाच आवाज शेवटपर्यंत टिकव. मागच्या आठवड्यात ते म्हणाले की जुना मजकूर आता झिजला, नवा लिही. कवळीने नवा लिहिला. मन लावून, एकही खाडाखोड न करता. येत्या हॅलोविनला तो वाचला जाईल, तिकिटं संपली आहेत.

प्रति, उस्ताद. विषय: सेवामुक्तीबाबत स्मरणपत्र क्रमांक बारा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळवतो की माझा राजीनामा हा राजीनामाच समजण्यात यावा. तो वाचत असताना मावशींनी श्वास रोखून धरावा. उपस्थितांपैकी कोणीही टाळ्या वाजवू नयेत, रडू नये व माझ्या मागे येऊ नये. तसेच मी खरं बोलत होतो, असा एका ओळीचा दाखला, बँडच्या सही-शिक्क्यानिशी, माझ्या पत्नीच्या नावे देण्यात यावा, ही नम्र विनंती.