शुद्धतेची सातवी सही

“सर, हे एवढं शुद्ध आहे ना, मग कुणी हात लावून, चाखून खात्री केलीय का?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. दोन महिन्यांपूर्वी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, तिला वक्तृत्वस्पर्धेपासून सगळे ‘तोफ’ म्हणू लागले होते. आणि तोफ एकदा बाहेर काढली की डागावीच लागते.

शाळेची भेट संशोधन संस्थेच्या भांडारात चालली होती. समोरचे भांडारप्रमुख म्हणजे तिचे बाबाच. पण कार्यालयीन वेळेत ते कुणाचेच बाबा नसत. त्यांच्या हातात जिलेटिनच्या पांढऱ्या पावडरीच्या दोन सीलबंद बाटल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर तोफेची आई भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचा वाढवत होती. त्या पेशींना बसायला हीच गादी लागणार होती.

“अर्धवट तपासलेला माल भांडारात ठेवता येत नाही,” बाबा नुकतेच मुलींना अभिमानाने सांगत होते. “तो आहे तसा, सीलबंद, मागणी करणाऱ्याच्या ताब्यात द्यायचा. स्वच्छतेसाठी!”

आता ते गंभीर झाले. “शंका रास्त आहे. नोंदवून घ्यावी लागेल.”

मंगळवारी शुद्धता पडताळणी समिती बसली. तपासणीपत्रकात ‘स्वतः हाताळून खात्री केली’ असा रकाना होता आणि खोटी सही करणारा त्या संस्थेत एकही नव्हता. त्यामुळे पहिल्या बाटलीचं सील रीतसर फोडण्यात आलं. बाबांनी चिमूट घेऊन चोळली. उपप्रमुखांनी हुंगली. वाहनविभागाचे साहेब गाडीच्या बॉनेटमधून डोकं काढून तसेच आले होते. त्यांनी तर्जनी आत फिरवून “मऊ आहे” असा अभिप्राय दिला. ग्रंथपाल जवळून पाहायला वाकले आणि शिंकले. कँटीनवाले तळण सोडून आले होते. आस्थापनेच्या बाईंनी आधीच्याचं बोट जिथे गेलं, तिथेच आपलंही घातलं, अहवालात तफावत नको म्हणून.

सातवी सही शंका उपस्थित करणाऱ्या व्यक्तीची. तोफेने बोट बुडवलं, चाटलं, “चवच नाही!” म्हणाली आणि आयुष्यातली पहिली सरकारी सही ठोकली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. दारातून मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

बाटलीवर ‘तपासले, शुद्ध’ अशी चिठ्ठी चिकटवून ती वर गेली.

बुधवारी संध्याकाळी आई घरी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. “चाचणीच्या बशीतल्या पेशी गेल्या. सगळ्या.”

“पण पावडरीत जंतू गेले असले तर उकळून मारायचे ना?” तोफ म्हणाली.

“मारून काय होतंय, बाळा? जंतू मरतात, त्यांच्या कवचातलं विष मागे राहतं. उकळलं तरी जात नाही. ते काढून टाकलेलं म्हणून तर हे जिलेटिन मागवलं होतं.” आईने डोळे मिटले. “उरलेल्या पेशी शुक्रवारपर्यंत तग धरतील. सहा महिने सांभाळल्यात गं. आता सगळी भिस्त दुसऱ्या बाटलीवर.”

“तिची काळजीच नको,” बाबा उत्साहाने म्हणाले. “पहिली नापास झाल्यामुळे दुसरीची तपासणी कडक होणार. उद्या चौदा जण हाताळणार!”

“अहो, हा नियम केला तरी कुणी?”

“आमच्या जुन्या साहेबांनी. फार शिस्तीचा माणूस. वारून अठरा वर्षं झाली.”

“जंतूही मेलेलेच असतात,” आई म्हणाली.

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. “हे बघ, यात कुणाचीच चूक नाही. सातही सह्या खऱ्या आहेत.”

तोफेने आपलं बोट पाहिलं. मंगळवारी सकाळी तिने याच बोटाने बसची दांडी धरली होती, मैत्रिणीचं च्युइंगगम बाकावरून खरवडलं होतं आणि शिक्षकांच्या खुर्चीवर खडू फासला होता. ती उभी राहिली. वक्तृत्वस्पर्धेत राहिली होती, तशीच.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या दहाच्या ठोक्याला भांडारात येऊन मी माझी सही मागे घेणार.”

“असं कसं? दोन्ही बाटल्यांचं पत्रक एकच, मग सगळ्या मालाची तपासणी अपूर्ण राहील!”

“राहू दे की. अर्धवट तपासलेला माल भांडारात ठेवता येत नाही, सर. दुसरी बाटली सीलबंद, आईच्या ताब्यात. स्वच्छतेसाठी.”

आईने एक डोळा उघडला. बाबांचा पेला ओठांपाशीच थांबला. “कारण... कारण लेखी द्यावं लागेल.”

“देणार ना. ‘सही करताना हात धुतले नव्हते.’ आणि खाली टीप घालणार, की बाकी सहा जणांचेही हात बघा. आणि हा कागद वाचताना ज्याला आत्ता हसू येतंय, त्याचेही.”